शेजारणीच्या पाट्यावरची केळ्याची साल

तुमच्या हातचा घास नको म्हणणारी तुमची आई, फळीच्या भिंतीपलीकडे शेजारणीकडे बसून, "आणखी अर्धी दी गो," असं म्हणताना तुम्ही कधी ऐकली आहे का?

मी ऐकली आहे. घोडपदेवच्या आमच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये वीट नाही, फळ्या आहेत. पलीकडे कोणी भाकरी मोडली तरी इकडे कळतं. त्या दुपारी मी छापखान्यातून लवकर परतले होते. काखेत संध्याकाळच्या सभेची पत्रकं होती, शाई अजून ओली होती. खोलीत आई नव्हती. मी सकाळी तिच्यासाठी करून ठेवलेली भाजी झाकणाखाली जशीच्या तशी होती. आणि पलीकडे ती जेवत होती. चांगली चवीनं जेवत होती.

मी पत्रकं खाली ठेवली, फळीला कान लावून उभी राहिले आणि भाकऱ्या मोजल्या. दोन झाल्या.

माझे वडील तेव्हा तुरुंगात होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात त्यांनी अटक करून घेतली होती. गिरणीतली पाळी संपवून, घरी येऊन, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते गेले. मला त्यांचा अभिमान वाटला आणि अजून वाटतो. मी वाचायला शिकले ती त्यांनी गिरणीच्या दारातून आणलेल्या पत्रकांवर. शाळेतलं पुस्तक मागाहून आलं. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे शब्द मला आधी ओळखता आले, 'कमळ' आणि 'बदक' नंतर. मॅट्रिक झाल्यावर आमच्या विभागाची पत्रकं मीच लिहू लागले. माझी वाक्यं सभेत मोठ्यानं वाचली जात आणि लोक टाळ्या वाजवत. मी लिहिलेलं वाचून लोक घराबाहेर पडतात, अशी माझी खात्री होती.

माझ्या आईला मात्र मी एक भाकरी खायला लावू शकत नव्हते.

वडील गेल्यापासून तिचं जेवण कमी होत गेलं. आधी भात कमी झाला, मग मासा नको झाला, मग नुसता चहा. आमच्याकडे बाई तशीही सगळ्यांच्या मागून जेवते, तिच्या ताटात काय पडलं ते कोणी बघत नाही. आता तर मागून जेवायलाही कोणी नव्हतं, आम्ही दोघीच. मी तिला म्हटलं, "आये, आपण दोघी बरोबर बसू." ती बसायची आणि माझ्याकडे बघत राहायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. रक्त नाही म्हणाले. "फळं द्या, दूध द्या, भाज्या द्या. अशीच राहिली तर एक दिवस उठणार नाही." वडिलांचा गिरणीतला पगार बंद, माझं काम लढ्याचं, बिनपगारी, आणि डॉक्टर फळं म्हणतात.

त्याच दवाखान्याच्या भिंतीवर आहाराविषयीचं एक पत्रक लावलं होतं. मी उभ्या उभ्या ते सगळं वाचलं, कारण छापलेलं काही सोडायचं नाही ही माझी सवय. फळाच्या सालीत गराइतकंच सत्त्व असतं आणि आपण ते अज्ञानानं टाकून देतो, असं त्यात लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: भाजी शिजवल्यावर उरलेलं पाणी फेकू नये, त्यात क्षार उतरतात.

मला रस्ता सापडला. फळं श्रीमंतांनी खावी, साली त्यांनी टाकाव्या, आणि आम्ही त्यांनी टाकलेल्या सत्त्वावर उभं राहून दाखवावं. दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात अर्धं पत्रक तयार होतं.

पहिल्यांदा मी मोसंबीच्या साली आणल्या, लालबागच्या एका रसवाल्याकडून. त्यांचं काय केलं ते सांगत नाही. मग केळ्याच्या साली आल्या.

त्या आणल्या शेजारणीनं. ती घाटावरची, साताऱ्याकडची. नवरा गावी शेती बघायचा आणि ती दादरला केळ्याचे वेफर तळणाऱ्या एका दुकानात केळी सोलायला जायची. कासोटा घट्ट, दातांना मिश्री, आवाज असा की खालच्या मजल्यावर कळावं. अक्षराची ओळख नाही. पगाराला अंगठा उठवायची. दुकानातल्या हिरव्या साली रोज टोपल्या भरभरून परळच्या एका तबेल्यात म्हशींना जायच्या. माझ्या सालींचं आईकडून ऐकून तिनं एक दिवस मालकाला विचारलं आणि पिशवीभर साली घेऊन आली.

"घे गं पोरी, तू म्हणतीस न्हवं सालीत ताकद असती. म्हशी बघ कशा हायत आमच्या तबेल्याच्या," ती मला म्हणाली.

मला ते बोलणं लागलं. माझ्या पत्रकातला विचार तिनं म्हशीवर नेऊन बसवला होता. तरी साली मी घेतल्या.

मी त्या बारीक चिरल्या. चिकानं हात काळे झाले, विळी काळी झाली. लोखंडी कढईत शिजवल्या, तर कढईतलं सगळं शाईच्या रंगाचं झालं. वर ओलं खोबरं घातलं, कारण आमच्या मालवणी घरात खोबऱ्याशिवाय भाजी होत नाही. पाणी फेकलं नाही. फेकणं म्हणजे क्षार फेकणं. ते काळं पाणी मी पेल्यात ओतून आईच्या ताटाशेजारी ठेवलं.

आईनं एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिली.

"ह्यां काय गो? पत्रक उकडलंस काय?"

"आये, त्यात लोह आहे."

"आसात. माझ्या जिभेक लागला."

मग मी बोलले. फार बोलले. गरिबाची जीभ श्रीमंतांनी बिघडवली आहे, चव ही चैन आहे, तुरुंगात वडील काय खात असतील याचा विचार कर, असं सगळं. आईनं माझ्यासाठी आणखी दोन घास खाल्ले आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. पाच-सहा दिवस मी तेच केलं. कधी धने घातले, कधी गूळ. पाणी एकदाही फेकलं नाही. आई रोज दोन घास खायची. माझं मन राखायला खायची, हे मला कळत होतं आणि त्याचाच मला राग यायचा.

म्हणून त्या दुपारी फळीपलीकडच्या दोन भाकऱ्या मला इतक्या झोंबल्या.

आई परतली तेव्हा तिच्या ओठाला लाल तिखट लागलेलं होतं. मी विचारलं, "काय खाल्लंस?"

"सालींची चटणी. बरी लागता."

"कसल्या साली?"

"तुज्याच," ती म्हणाली, आणि आडवी झाली. कित्येक दिवसांत मी तिला पोट भरून आडवी झालेली पाहिली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मी भांडी घासायला घेतली आणि गरजेपेक्षा जोरानं घासली.

दुसऱ्या दिवशी शेजारीण कामावरून यायच्या वेळी मी मुद्दाम घरी थांबले. फळीपलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला. फेकलं. मग तव्यावर लसूण पडल्याचा वास आला. मग पाट्यावर वरवंटा. मधून मधून आईचा आवाज, हसण्याचाही. माझी आई हसत होती. वडील गेल्यापासून माझ्यासमोर ती हसली नव्हती.

थोड्या वेळानं शेजारणीनं वाटीत चटणी आणून मला दिली. "चाखून बघ की, लेखणीवाली बाई."

मी ती चाखली. कोरडी होती, लसूण आणि लाल मिरची पुढे, मागून कारळाचा खमंगपणा, आणि सालीचा तुरटपणा कुठेच नाही. शेवटी एक आंबट चव येत होती, तिचं नाव मला सापडेना. ती चांगली होती. ती वाईट निघाली असती तर मी शेजारणीला माफ केलं असतं.

"कशी झाली?" तिनं विचारलं.

"पाणी फेकलंस तू, काकी. सत्त्व गेलं सगळं."

"गेलं असंल," ती म्हणाली. "वैनी तर दोन भाकऱ्या खातात."

मी त्याच आठवड्यात एक पत्रक लिहिलं होतं. वऱ्हाडचा, देशावरचा, कोकणातला, मराठवाड्यातला मराठी माणूस एका ताटात जेवेल, असं त्यात होतं. ते वाक्य सभेत दोनदा वाचायला लावलं होतं लोकांनी. आणि माझ्या घरात, कोकणातली माझी आई देशावरच्या बाईच्या ताटात जेवत होती, तर मी जळत होते. जी आई आयुष्यभर 'घाटावरला तिखट' म्हणून नाक मुरडायची, तीच आता कारळाच्या चटणीवर बोटं चाटत होती. शेजारणीकडे काय होतं जे माझ्याकडे नव्हतं? ती शिकलेली नव्हती. तिनं आहाराचं पत्रक वाचलं नव्हतं. तिचा नवरा तुरुंगात नव्हता. आईला जन्म मी दिला नव्हता हे खरं, पण तिच्या काळजीनं झोप माझी उडाली होती. मी मनातल्या मनात शेजारणीविरुद्ध मुद्दे काढायचे, क्रमांक घालून काढायचे, जसे सरकारविरुद्ध काढते.

मी आईला विचारलं, "ती काय घालते त्यात?"

"तूच इचार तिका."

मी विचारलं नाही. त्याऐवजी मी जे केलं ते इथं लिहिते, कारण दुसऱ्यांच्या खोटेपणावर मी पुष्कळ लिहिलं आहे.

एका सकाळी आई वेणी घालत होती. मी सहज बोलावं तसं म्हटलं, "आये, ती काकी साली तबेल्यातल्या ढिगातून उचलून आणते. म्हशींच्या पायाखालच्या. मला दादरच्या एका बाईनं सांगितलं."

दादरची अशी कुठलीच बाई नव्हती.

माझी आई स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक. विहिरीच्या पाण्यात पान पडलं तरी गाळून घेणाऱ्या घरातली. ती वेणी अर्धीच घालून तशीच बसली. दुपारी शेजारणीनं हाक मारली तेव्हा फळीपलीकडे म्हणाली, "आज नको गो. पोटात जळजळता."

त्या दिवशी तिनं माझी भाजी चार घास खाल्ली. मी जिंकले होते. चार घास.

दुसऱ्या दिवशी दोन घास. तिसऱ्या दिवशी चहा. शेजारीण रोज हाक मारायची आणि आई रोज काहीतरी सांगायची, कधी जळजळ, कधी उपास. खरं कारण तिनं सांगितलं नाही, कारण ते सांगणं म्हणजे त्या बाईचा अपमान झाला असता. माझं खोटं पोटात ठेवून ती उपाशी राहत होती, आणि मी सभेला जात होते.

चौथ्या की पाचव्या सकाळी नळावर रांगेत ती कोसळली. हंडा पडल्याचा आवाज मला खोलीत आला. मी जिन्यापर्यंत पोचले तोवर शेजारीण तिला खांद्यावर टाकून वर आणत होती. खोलीत आणून निजवलं, तळव्यांना तेल चोळलं, गूळपाणी पाजलं. मग आपल्या खोलीतून भाकरी आणि चटणी घेऊन आली. घास करून तिच्या तोंडाशी नेला. आईनं मान भिंतीकडे वळवली.

शेजारणीचा हात तसाच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय झालं गं? काय चुकलं माझं?"

मी तिला गॅलरीत नेलं आणि सांगितलं. सगळं नाही सांगता आलं. एवढंच म्हटलं, की साली ढिगातल्या आहेत असं मी आईला सांगितलं, आणि ते खोटं आहे.

मला वाटलं ती ओरडेल. तिचा ओरडा ऐकायला सगळी गॅलरी भरली असती आणि मला ते चाललं असतं. ती कठड्याला हात टेकून उभी राहिली.

"का?"

"ती तुझ्याकडे जेवते म्हणून."

"आगं, मग तू काय, सवत हायस माझी?"



"चल," ती म्हणाली. समोरच्या खोलीतल्या बाईला तिनं आईजवळ बसवलं आणि मला दादरला घेऊन गेली, कामाच्या जागी. मागच्या अंगणात धुतलेल्या गोणपाटावर सहाजणी बसल्या होत्या. हाताला तेल लावून कच्ची केळी सोलत होत्या. साल उतरली की वेताच्या टोपलीत पडायची, टोपलीत ओलं फडकं. म्हशी तिथून मैलभर लांब. त्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हिनं त्यांना सांगितलं, "ही आमच्या वैनीची पोरगी. पत्रकं लिहिती." कशाला आणलं ते सांगितलं नाही. मला वाटतं, तेवढ्यासाठी मी तिची आयुष्यभर ऋणी राहीन, आणि तेवढ्यासाठीच मला ती त्या क्षणी सहन होईना. माझ्यापेक्षा ती थोर ठरत होती.

परत येताना मी विचारलं, "काकी, तू शिकलीस कुठे ही चटणी?"

"मी? आमच्याकडं सालीची चटणी कोण करतंय? आमच्याकडं कारळाची." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "साली आणल्या त्याच दिवशी इचारलं वैनीला. म्हटलं, वैनी, ह्याचा चीक जात न्हाई, काय करू? त्या म्हणाल्या, आमसूल घाल पाण्यात, हाताला तेल लाव. म्हटलं, मग? म्हणाल्या, उकडून पिळून काढ. मग मी म्हटलं, आमचं कारळ घालू का? त्या म्हणाल्या, घाल, बघू तरी घाटावरचं. त्या सांगत्यात, मी वाटती."

ती आंबट चव आमसुलाची होती. आमच्याच डब्यातल्या.

मला हायसं वाटायला हवं होतं, की चटणी अर्धी माझ्या आईची आहे. वाटलं उलटंच. पहिल्यापेक्षा जास्त जळले. भाकरीपेक्षा मोठं काहीतरी त्या बाईनं नेलं होतं. इतके दिवस मी आईला पत्रक वाचून दाखवत होते, आणि दोन हातांवर, फळीपलीकडे, एक अंगठेबहाद्दर बाई तिला विचारत होती, पुढे काय करू.

घरी आल्यावर मी आईपुढे बसले आणि सांगितलं. दादरची बाई नव्हती, ढीग नव्हता, टोपलीत ओलं फडकं होतं.

आईनं मान माझ्याकडे वळवली. "खोटा सांगलंस माका?"

"हो."

"तुज्या बापाशीक कळला तर?"

मला रडू आलं. तिनं मला जवळ घेतलं नाही, ती त्यातली नाही. ती म्हणाली, "तिणा माका इचारल्यान. तू कधी इचारलंस? तू आपला लोह, लोह."

शेजारणीनं ठेवलेलं ताट तिनं ओढून घेतलं आणि थंड भाकरी खाल्ली. सबंध खाल्ली.

त्यानंतरच्या रविवारी मी शेजारणीकडून साली मागून आणल्या. आईला भिंतीला उशी देऊन बसवलं आणि म्हटलं, "आये, सांग." ती सांगत गेली. टोकं काप. दोरे ओढून काढ. तेल कमी लावलंस. आमसूल चार घाल, तीन नाही. लोखंडात शिजवू नकोस, पितळेचं कल्हईचं घे. हळद घाल. आता पीळ, जोरात पीळ, हाताला काय झालंय तुझ्या? पिळून झाल्यावर मी भांड्यातलं पाणी हातात घेऊन उभी राहिले.

"फेक तां."

"आये, त्यात क्षार आहेत."

"मग तू पी."

मी फेकलं नाही. मी प्यायले, सगळं, तिच्यासमोर. कडू जहर होतं. आई हसली. माझ्यासमोर हसली, हे मी नमूद करून ठेवते.

तव्यावर लसूण, मिरची, कारळ भाजून मी पाट्यावर साली वाटल्या. मीठ जास्त झालं. आईनं दीड भाकरी खाल्ली. शेजारणीकडे ती अजून दोन खाते. आठवड्यातून चार दिवस तिकडे जाते आणि तीन दिवस मला सांगते. त्या चार दिवसांचा मला अजून हेवा वाटतो. फळीपलीकडे वरवंटा सुरू झाला की माझी लेखणी थांबते. हा दोष लढ्यात राहून गेलेला नाही, वडील सुटून आले तरी गेलेला नाही, आणि मी तो लपवणार नाही.

पण आईच्या डोळ्यांची खालची पापणी आता आतून लाल आहे. डॉक्टरांनी विचारलं, काय देता? मी म्हटलं, ती सांगेल ते.

तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्याकडे अक्षर आहे, आणि अक्षर असलेल्यांना दुसऱ्याला काय खावं हे सांगायची सवय असते. तुमच्या घरात कोणीतरी ताट अर्धं ठेवून उठत असेल. आई असेल, सासू असेल, तुरुंगात गेलेल्याची बायको असेल. आज तिच्यासाठी काही रांधू नका. कच्ची केळी आणा, ती तुमच्या हातांनी सोला, साली तिच्यासमोर ठेवा आणि तिला विचारा, यांचं काय करू. मग ती म्हणेल तसं करा, मधे बोलू नका.